सायखेड्याला आलेला शेपटीवाला पाहुणा

शहाऐंशीच्या मार्चमध्ये मी नाशिकहून सायखेड्याच्या एसटीत चढले, तेव्हा पिशवीत नवी बॅटरी (विजेरी) होती आणि डोक्यात नवी बी.एड.ची पदवी. दोन्हींचा झोत मी समोरच्याच्या तोंडावरच मारायचे.

निघाले होते आत्याबाईंसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीसाठी. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी धूमकेतू पाहिला होता. तोच आता परत आला होता. पण फिका, उजाडण्याआधी जेमतेम दिसणारा. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी त्यांना तो पुन्हा बघायचा होता. "मी दाखवते," असं मी भावकीत छाती ठोकून सांगितलेलं.

संध्याकाळी पोचले. शेतात कांदा काढून पडलेला, गोदावरीवरून गार वारा. भाकरी-ठेचा खाताना मी शिकवणी सुरू केली. "डोळ्यात शंकूपेशी असतात, त्या रंग बघतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशींना अंधुक उजेडातही दिसतं, रंग मात्र कळत नाही."

"बरं बरं. ठेचा घे अजून," आत्याबाई म्हणाल्या.

पहाटे दोघी खळ्यावर (मळणीच्या मोकळ्या जागेवर) गेलो. बघते तर आत्याबाईंच्या हातात ताट, ताटात पेटलेलं निरांजन!

"इतक्या वर्सांनी आला, ववाळाया नको?"

आणि मी शहाणी बॅटरी लावलावून आकाशाचा नकाशा बघत होते. नकाशाप्रमाणे तो समोरच्या बाभळीच्या शेंड्यावर हवा होता, पण तिथं नुसता काळोख.

"नाय दिसत गं सूनबाई. डोळं गेलं माझं."

तेव्हा कुठं मास्तरीणबाईंना आठवलं, की दंडपेशींना अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि आम्ही दोघींनी त्यांची पार दाणादाण उडवली होती. निरांजन त्यांनी विझवू दिलं नसतं, म्हणून ते देवापाशी ठेवून आले. बॅटरी पेंढ्यात खुपसली. आत्याबाईंना पदराखाली डोळे मिटून बसवलं. मी गप्प, उजाडतंय की काय, ही धास्ती.

"आता उघडा. बाभळीच्या शेंड्यावर बघू नका, जरा बाजूला बघा. डोळ्यातल्या पडद्याच्या ऐन मध्यावर पडलेला अंधुक उजेड दंडपेशींना सापडत नाही, त्या कडेला असतात."

"म्हंजी, चोरून बघू?"

"चोरूनच!"

थोडा वेळ काही नाही. मग माझं मनगट घट्ट आवळलं गेलं.

"हाय! हाय गं! राखंचं बोट वढल्यावानी! तवा केरसुणीयेवढा व्हता. लय म्हातारा झाला की, माझ्यावानी!"

आम्ही दोघी खळ्यावर अक्षरशः नाचलो. फटफटल्यावर त्यांनी निरांजन आणवून कोऱ्या आभाळाला ओवाळलं, मग मलाही.

परतीच्या एसटीत शेजारी बसलेल्या बाईला धूमकेतूचं सांगितलं, तर तिनं विचारलं, "दिसला का वो?" मी ताठ मानेनं म्हटलं, "दाखवला!"

घरी आल्यावर कळलं, बॅटरी पेंढ्यातच राहिली. राहू दे म्हटलं. ती आणि माझी बडबड, दोन्ही बंद झाल्यावरच तर तो दिसला होता.