इंग्रजी उताऱ्यांना आत्याचा हुंकार

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या आत्याचे आहेत. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि तरीही इंग्रजी वाचायला मी तिच्याजवळ बसून शिकलो. हे ऐकून लोक हसतात, म्हणून नीट सांगतो.

आम्ही झाशीचे मराठी. कोणी पूर्वज फौजेबरोबर इकडे आला आणि इथलाच झाला. तो कोणत्या गावचा, हे आता घरात कोणालाच सांगता येत नाही. मराठी आमच्या उंबऱ्याच्या आतली भाषा. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि गल्लीत बुंदेली. मी तर घरातही अर्धं हिंदीच बोलायचो. मला सगळे ‘भैया’ म्हणत, आत्यासुद्धा.

वडील इलाइट चौराह्यावर एका दुकानात नोकरी करायचे. आत्याचं सासरही झाशीतच होतं; विधवा झाल्यावर ती शिलाई मशीन घेऊन आमच्याकडे आली. तिची मुलगी, माझी ताई, लग्न होऊन नागपूरला गेली होती. आत्या साड्यांना फॉल लावायची. गल्लीतल्या बायका दारातूनच हाक मारायच्या, “काए बुआ जी, हमाई साड़ी हो गई?” आणि आत्या त्यांच्याहून ठसक्यात बुंदेलीत उत्तर द्यायची. तिचे हात कामात असायचे, पण कान मोकळे असायचे. त्या मोकळ्या कानांचा सगळा फायदा मला झाला.

घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. शाळा हिंदी माध्यमाची होती. तिथे इंग्रजी म्हणजे पाठ केलेली उत्तरं. पदवीपर्यंत ती पुरली. मला इंग्रजीचा शिक्षक व्हायचं होतं, आणि परदेशात शिक्षकांसाठी असलेल्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती मिळत होती. अट एकच होती, इंग्रजीच्या प्रगत पातळीची परीक्षा. तिच्या बाकीच्या भागांत मी कसाबसा पास झालो. वाचनात नापास झालो. ते जमलं तरच पुढचा रस्ता होता, नाहीतर वडिलांच्या शेजारी दुकानात उभं राहायचं होतं.

वाचनाची ती परीक्षा विचित्र असते. लांबलचक उतारे देतात. कधी बर्फाच्या प्रदेशाबद्दल, कधी एखाद्या वाद्याबद्दल. शब्दांचे अर्थ ते विचारत नाहीत. लेखकाला खरं काय म्हणायचंय, तो कौतुक करतोय की टोमणा मारतोय, हे विचारतात. एका प्रश्नात तर मधले परिच्छेद काढून घेतात आणि म्हणतात, कोणता कुठे बसतो ते ओळखा. माझं असं व्हायचं की शब्द सगळे ओळखीचे, पण वाक्य संपलं की हातात काही उरायचं नाही. कोचिंगचे सर म्हणायचे, “बेटा, पूरा पढ़ने की ज़रूरत नहीं, तकनीक पकड़ो.” मी तकनीक पकडली आणि नापास झालो.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या म्हणाली, “असं काय लिहिलं होतं रे त्यात, जे तुला समजलं नाही?”

“तुला काय सांगू, आत्या. इंग्रजी होतं.”

“मग मराठीत सांग. मी हुंकार देते.”

हुंकाराची रीत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. बुंदेलखंडात गोष्ट सांगणारा आधी विचारतो, हुंकार कोण देणार? एकाने कबूल केल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही. प्रत्येक वाक्यानंतर त्याने ‘हूं’ म्हणायचं. हूं थांबलं की गोष्टही तिथेच थांबते. लहानपणी आत्या गोष्ट सांगायची आणि मी हुंकार द्यायचो. डोळा लागला की ती तिथेच गप्प व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी नेमकी तिथूनच पुढे सांगायची.

आता उलटं झालं. ती खिडकीशी साडी घेऊन बसायची, आणि मी परिच्छेद मोठ्याने इंग्रजीत वाचून मग मराठीत सांगायचो. सुरुवातीला माझी मराठीच अडखळायची. हिंदी शब्द आला की आत्या दुरुस्त करायची नाही, फक्त तोच शब्द मराठीत म्हणून टाकायची आणि सुई पुढे चालवायची. पण माझं सांगणं पोकळ झालं की हूं यायचं नाही. सुई चालू, तोंड बंद. मग मला परत वर जाऊन वाचावं लागायचं.

एकदा एका नव्या शहराबद्दलचा उतारा होता. रुंद रस्ते, काचेच्या इमारती. मी सांगितलं, लेखकाला हे शहर फार आवडलंय. आत्या गप्प.

“काय झालं?”

“आवडलंय म्हणतोस, मग तो सारखा जुन्या गल्लीत का जातोय चहा प्यायला?”

“जातोय खरा.”

“आणि आवडलंय हे त्यात लिहिलंय, की पदरचं घालतोयस?”

मी पुन्हा वाचलं. माझं पदरचंच होतं. तो माणूस शहराची थट्टा करत होता.

“तुझा साहेब फार फिरवून बोलतो,” आत्या म्हणाली. “आमच्या नागपूरच्या व्याह्यांसारखा. जेवण छान झालंय म्हणायचं आणि मीठ मागायचं.”

स्वयंपाकघरातून आई ओरडली, “वन्सं, आता तुम्हीच बसा परीक्षेला. भैया फॉल लावेल.”

“लावू दे की. निदान ते तरी पास होईल.”

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला चांगला काळ होता. तेव्हा मला वाटत होतं, मी परीक्षेची तयारी करतोय, एवढंच.

उन्हाळ्यात एका दुपारी नेहमीसारखे बसलो होतो. कोचिंगमधून आणलेल्या झेरॉक्सची पानं सरमिसळ झाली होती. बर्फात अडकलेल्या प्रवाशांचा उतारा मी वाचत होतो, पुढचं पान घेतलं ते पियानो बनवणाऱ्या कारागिरांचं होतं. वाक्य मराठीत कसं बसवायचं याच नादात मी होतो, त्यामुळे माझ्याही लगेच लक्षात आलं नाही. प्रवासी तंबूत होते आणि मी लाकूड वाळवण्याबद्दल सांगत होतो. आत्या हूं म्हणत होती. प्रत्येक वाक्याला, अगदी वेळेवर.

माझ्या लक्षात आलं तेव्हा मी थांबलो.

“हूं,” आत्या म्हणाली.

मी काहीच बोललो नव्हतो. सुई कापडात अर्धी घातलेली तशीच होती. थोड्या वेळाने ती त्या शांततेलाही हूं म्हणाली.

“आत्या, काय समजलं सांग बरं.”

“छान आहे. पुढे सांग.” आणि ती हसली. पाहुण्यांकडे बघून हसतात तसं हसली.

मी पानं उचलून ठेवली. वडिलांना सांगायला मला चार दिवस धीर झाला नाही. सांगितलं तेव्हा ते म्हणाले, उन्हाने होतं असं. पण त्यांनाही ते दिसत असावं, कारण त्या दिवसापासून ते दुकानातून लवकर येऊ लागले.

मग तिची हिंदी गेली, बुंदेलीही. दारात बाई आली, म्हणाली, “काए बुआ जी, हो गई साड़ी?” आत्या म्हणाली, “उद्या ये गं, आज काठ राहिलाय.” बाईला वाटलं, बुआजी गंमत करतायत. तिने हसून पुन्हा विचारलं. आत्याने मराठीतच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. पुढच्या आठवड्यात दोघी-तिघींना असंच उत्तर मिळालं, आणि मग बायका आईकडे साड्या परत मागू लागल्या. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले की विसरण्याच्या या आजारात काही जणांची नंतर शिकलेली भाषा आधी पुसली जाते, लहानपणची मागे राहते. बुंदेली ती उभा जन्म बोलली होती. तरी ती बाहेरून शिकलेलीच निघाली.

एके दिवशी जेवणानंतर ती घराबाहेर पडली ते कोणालाच कळलं नाही. मी आणि वडील गल्ल्या धुंडाळत फिरलो. ती लक्ष्मी तालाजवळ सापडली, तळ्याकाठच्या देवळाच्या पायऱ्यांवर. फुलं विकणारी बाई म्हणाली, “माताजी सबसे कुछ पूछ रही थीं भैया, किसी की समझ में नहीं आया. हमने पानी पिला दिया.” आत्या घराचा रस्ता विचारत होती, येईल त्या माणसाला, मराठीत. ज्या गावात तिचा जन्म गेला, त्या गावात.

मला बघून ती उठली. चेहऱ्यावर भीती नव्हती, थकवा होता. म्हणाली, “बरं झालं आलास. इथे कोणालाच काही समजत नाही रे.”

मी तिचा हात धरून तिला घरी आणलं.

ताई नागपूरहून आली. वडिलांना म्हणाली, “मामा, आईला मी नेते. तुमच्याकडे काही कमी आहे म्हणून नाही. तिथे ती रस्त्यात चुकली तर निदान विचारता येईल तिला, आणि समोरचा उत्तर देईल.” वडिलांनी मशीनवर कव्हर घातलं, नीट चारी बाजूंनी ओढून घातलं, आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी मी खिडकीशी गेलो. म्हटलं, “आत्या, पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे.”

“हूं,” ती म्हणाली.

परीक्षा दिल्लीला होती. निकाल आला तेव्हा मी पास होतो, वाचनातसुद्धा. आईने देवापुढे साखर ठेवली आणि सवयीने खिडकीकडे बघितलं. फोनवर आत्या सगळ्यालाच हूं म्हणते. ताई म्हणाली, पत्र पाठव, कागद हातात धरून बसायला तिला आवडतं. म्हणून पाठवलं. ते असं:

*प्रिय आत्यास,*

*साष्टांग नमस्कार. मी भैया, झाशीहून. तुझ्या भावाचा मुलगा. हे पत्र ताई तुला वाचून दाखवेल.*

*आत्या, मी इंग्रजीच्या वाचनात पास झालो. शिष्यवृत्तीही मिळाली. भाद्रपदात जाईन, एका वर्षाने परत येईन.*

*परीक्षेत काय होतं ते तू विचारशील म्हणून सांगतो. एक उतारा दीपगृहातल्या माणसाबद्दल होता. समुद्रावर जहाजांना दिवा दाखवायचं त्याचं काम. दिवा आता आपोआप लागतो, तरी तो म्हातारा तिथेच राहतो आणि रोज काच पुसतो. हॉलमध्ये मोठ्याने वाचायची परवानगी नव्हती. मी मनातल्या मनात तुला मराठीत सांगितलं. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबलो. जिथे तुझं हूं ऐकू आलं तिथे पुढे गेलो. जिथे आलं नाही तिथे परत वर गेलो. शेवटी विचारलं होतं, तो म्हातारा दुःखी आहे का? मी बघितलं, तसं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी पदरचं काही घातलं नाही.*

*हे पत्र मला मराठीत लिहिता येतंय तेही तुझ्यामुळेच. शाळेत मला कोणी मराठी शिकवली नाही.*

*आईने तुझं मशीन खिडकीशीच ठेवलंय. गल्लीतल्या बायका विचारतात, बुआ जी कब आएंगी. बाबा त्यांना काही सांगत नाहीत.*

*ताई वाचताना मध्येमध्ये थांबेल. मी कोण ते आठवलं नाही तरी चालेल. माझ्यासाठी हूं म्हणू नकोस. नाही समजलं तर पूर्वीसारखी गप्प राहा. ताईला मी सांगितलंय, ती परत वरून वाचेल.*

*तुझा,*
*भैया*