पाण्याचा रंग विचारणारा तांडेल

बाबलकाका भेटले की नमस्कार-चमत्कार काही नसे. पहिला प्रश्न ठरलेला, "सिस्टर, आज पाण्याचो रंग कसो आसा?" कुवेतच्या धक्क्यावर पहिल्यांदा भेटले तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मी नाशिकची, समुद्राशी माझा काय संबंध? पाण्याकडे बघत म्हटलं, "मळकट हिरवा." ते हसले. "बरा बघतस गो. तुका दर्या मानवतलो."

तेव्हा मी कुवेतच्या फरवानिया भागात दोन केरळी नर्सेसबरोबर राहत होते आणि अबू युसूफ नावाच्या वृद्ध व्यापाऱ्याच्या घरी दिवसपाळीला जात होते. अर्धांगानं त्यांची उजवी बाजू गेलेली आणि वर मधुमेह, त्यामुळे दिवसातून दोनदा इंजेक्शन. लहानपणी वडिलांबरोबर शिडाच्या जहाजातून मलबारला गेलेल्या या माणसाचा जीव अजून समुद्रातच होता. त्यांची स्वतःची शिडाची बोट होती. तिला इंजिन होतं, पण त्याचा आवाज त्यांना खपत नसे. वीस वर्षं ही बोट बाबलकाका चालवत होते. ते देवगडकडचे, वय साठीच्या आसपास, हात वल्ह्यासारखे. अबू युसूफ त्यांना 'नाखुदा', म्हणजे तांडेल, म्हणत. नोकरापेक्षा मित्र म्हणणंच बरोबर होईल.

त्या हिवाळ्यात अबू युसूफनी हट्ट धरला, मालदीवची बेटं बघायची. थोरला मुलगा युसूफ नको म्हणत होता. म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. बाबलकाका आणि दोन कच्छी खलाशी बोट घेऊन महिनाभर आधी निघाले. अबू युसूफ आणि मी मागून विमानानं गेलो आणि तिथे बोटीवर चढलो.

पहिले तीन दिवस मी नुसती ओकत होते. बाबलकाका लिंबू कापून द्यायचे आणि म्हणायचे, "घाई आसात तर विमानान जावचा. शिडान जाताना पोटाक पण सवड दिवक व्हयी." चौथ्या दिवशी मी उभी राहिले आणि समोर बघतच राहिले. एक बेट मागे पडलं की दुसरं उगवे. माड, पांढरी वाळू आणि भोवती पोवळ्याच्या खडकांचं कडं. कड्याला एखादी फट असते, तेवढ्यातूनच आत शिरायचं. अबू युसूफना आम्ही डेकवर खुर्चीत बांधून बसवायचो. ते डाव्या हातानं बेटं दाखवायचे आणि लहान मुलासारखे हसायचे.

फट जवळ आली की काका मला पुढच्या टोकाला उभं करायचे. "रंग सांगत रव. निळो तर खोल. हिरवो तर संभाळून. पिवळो, तांबूस दिसलो तर बोंब मार." मला वाटे, आपली करमणूक व्हावी म्हणून हे काम दिलंय. मी मोठ्या ऐटीत ओरडायची, "निळा! निळा! डावीकडे हिरवा!"

आठव्या दिवशी चहा पिऊन बाबलकाकांनी कप टेबलाच्या शेजारी, हवेत ठेवला. कप फुटला. माझ्यातली नर्स जागी झाली. मी त्यांच्या शेजारी बसले आणि बोलता बोलता त्यांच्या कानाजवळ हात हलवला. पापणी लवली नाही. पुन्हा हलवला.

"हात खाली घे," ते हळूच म्हणाले. "वारो लागता."

मी हात खाली घेतला.

"कधीपासून?"

"दोन वर्सां. समोरचा थोडा दिसता, तापत्या दुधाच्या वाफेतून दिसता तसा. बाजूक सगळो काळोख." भर समुद्रात होकायंत्र दोघा खलाशांपैकी कासम वाचायचा, त्यामुळे निभावलं होतं. "कोणाक सांगू नको गो. हो दर्या सुटलो तर मी कोण? घरात बसलेलो आंधळो म्हातारो."

"काका, बोटीवर माणसं आहेत."

"तू आसस ना."

खरं तर मी त्याच क्षणी अबू युसूफना सांगायला हवं होतं. रात्रभर तेच ठरवत होते. सकाळी वर आले तर काका दोर गुंडाळत बसले होते. बोटं न बघता कशी चालत होती! मी अबू युसूफना सकाळचं इंजेक्शन दिलं आणि सांगायचं ते राहून गेलं. त्या दिवसापासून मी ऐट सोडली आणि जीव मुठीत धरून रंग सांगू लागले.

त्यानंतरचे पाच दिवस नीट गेले. सहाव्या दिवशी दुपारी आम्ही एका कड्याच्या फटीत शिरत होतो. अबू युसूफ खाली झोपले होते. मी पुढच्या टोकाला होते आणि खालून त्यांच्या उशाची घंटा वाजली. धावत गेले तर म्हातारा घामानं चिंब, डोळे पांढरे. साखर उतरली होती. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब थेंब साखरपाणी तोंडात सोडू लागले.

वरून हाक आली, "सिस्टर! रंग सांग!"

हात सोडला असता तर म्हाताऱ्याला ठसका लागून श्वास अडकला असता. मी ओरडले, "काका, थांबवा!" पण इंजिन बंद होतं आणि शिडाची बोट अशी थांबत नसते.

"रंग सांग गो! रंग!"

खलाशांना मालवणी कळत नव्हती. त्यांना वाटलं, काका माझी नेहमीसारखी थट्टा करतायत. काकांनी हिंदीत विचारलं असतं तर कासमनं सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. मग खालून फरशी करवतल्यासारखा आवाज आला आणि पाणी माझ्या पावलांपर्यंत चढलं.

कोणी बुडालं नाही. बेटावरच्या कोळ्यांनी होड्या आणल्या. पण अबू युसूफ तासभर ओल्या कपड्यांत राहिले आणि त्यांना न्यूमोनिया झाला. कुवेतला परत आणलं ते स्ट्रेचरवर. त्यानंतर ते अंथरुणातून उठले नाहीत. रोज विचारायचे, "नाखुदा कुठे आहे?" मी सांगायची, "रजेवर गेलाय."

युसूफनं आम्हाला दिवाणखान्यात बोलावलं. काका दाराजवळ उभे होते. बोट आदळल्यावर काकांना दिसत नाही हे कासमनं ओळखलं होतं आणि तोवर युसूफला सांगितलं होतं. युसूफ माझ्याकडे वळला. "सिस्टर, तुमको मालूम था?"

माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्याच्याच हातात होता. नाशिकला आई होती, धाकट्या बहिणी होत्या. पण ही कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी नुसती भीती होती.

"नहीं," मी म्हटलं.

काकांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मला वाटलं, आता बोलतील.

"उसको कुछ नहीं मालूम," ते म्हणाले. "मैंने किसीको बोला नहीं."

युसूफनं काकांना कायमचं गावी पाठवायचं ठरवलं; जायच्या आधी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही फार दिवसांची नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी भाषांतर करायच्या आधीच काकांना समजलं होतं. टॅक्सीत मी रडत म्हणाले, "काका, मी खोटं बोलले."

"मग काय करतलंस? दोघांनी बुडान काय फायदो?" ते म्हणाले. मला माफ केलं की नाही, ते मला आजही कळलेलं नाही.

विमानतळावर काचेच्या दारापुढे मला सोडत नव्हते. आत मुंबईच्या विमानाची रांग होती, सगळे सुट्टीवर निघालेले मजूर, खांद्यावर गाठोडी. काका दाराशी क्षणभर थांबले. मग त्यांनी हात पुढे केला, चाचपडला आणि समोरच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर ठेवला. तो माणूस दचकून वळला. त्यानं काकांच्या डोळ्यांकडे पाहिलं. गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पावलं लहान करून चालू लागला.