रिकाम्या हातांचा संत

मूर्तीच्या कारखान्यात किस्से फार साचतात. कारण सरळ आहे. मूर्ती बोलत नाहीत आणि गिऱ्हाईक गप्प बसत नाही.

पालघर स्टेशनच्या मागच्या अंगाला आमचा कारखाना. पावसाळ्यात शाडूचे गणपती, उरलेलं वर्ष लाकडाचे ख्रिस्ती संत. आजोबांनी कधीतरी वसईकडच्या एका चर्चमधल्या संताचा मोडका पाय बसवून दिला. तो इतका बेमालूम बसला की किनाऱ्यावरचे सगळे लंगडे-लुळे संत आमच्याकडे यायला लागले, आणि मग नव्या संतांच्या ऑर्डरीही.

माणसं तीन. आबा, म्हणजे माझे वडील, घडवणारे. पास्कोल, वसईकडचा, पन्नाशीचा, स्वतः ख्रिस्ती, रंगवणारा. आणि मी, इंटर सायन्सला कॉलेज सोडून घरी आलेला. तिकडे तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं आणि पालघरच्या झाडून सगळ्या बापांना आपला मुलगा इंजिनियर व्हायला हवा होता. आबांचा झाला नाही. त्याची शिक्षा म्हणून की काय, ते मला पटाशीला हात लावू देत नसत. माझ्याकडे पाठी होत्या. संत भिंतीला टेकून उभे राहतात, त्यांची पाठ कोणी बघत नाही. ती रंगवायची मी. चार वर्षं मी पाठी रंगवल्या.

मला एकच गोष्ट हवी होती. आबांनी एकदा माझ्या हातचं काम बघावं आणि ते चांगलं आहे म्हणावं. बाकी त्यांच्याकडून मला काही नको होतं.

*

संत ओळखायचे कसे, हे पास्कोलने मला पहिल्याच दिवशी शिकवलं.

"तोंडाकडं बगू नको, दिन्या. तोंड सगल्यांचं सारखंच. हात बग."

हातात स्वर्गाच्या किल्ल्या असल्या तर पेत्र, मासेमारांचा. लोखंडी जाळी असली तर लॉरेन्स. त्याला तसल्या जाळीवर भाजून मारलं, म्हणून तो आचाऱ्यांचा. ताटलीत दोन डोळे असले तर लुसी, डोळ्यांच्या दुखण्यांची. ज्याचे ज्यात हाल झाले, त्या खात्याचा तो कायमचा साहेब.

मी म्हणालो, "म्हणजे मेल्यावरही ड्यूटी?"

पास्कोल म्हणाला, "मेल्यावरच परमनंट."

पेत्राच्या किल्ल्यांवरून दोन गावांत चुरस लागली होती. एका गावचे म्हातारे आले. "शेजारच्या पेत्राची किल्ली वीतभर हाय. आमची सव्वा वीत करा." आबांनी केली. दुसऱ्या वर्षी शेजारचे म्हातारे आले, "दीड वीत." तिसऱ्या वर्षी पहिले पुन्हा हजर. आता किल्ली पेत्राच्या गुडघ्याखाली उतरणार होती.

आबांनी पटाशी खाली ठेवली. "स्वर्गाला कुलूप एकच असेल ना? मग आधी दोन्ही गावं मिळून त्याचं माप घेऊन या."

*

सांत अंतोन हरवलेल्या वस्तू शोधून देतो. त्याच्या कडेवर एक बाळ असतं. ते बाळ आम्ही सुटं करायचो, खुंटीवर बसवलेलं. बायकांची तशी मागणीच असे. नवस बोलायचा, अंतोनच्या कडेवरून बाळ काढून घ्यायचं आणि लपवून ठेवायचं. काम झालं की परत. सरळ ओलीस.

एक म्हातारी आली. तिचा मुलगा जहाजावर गेला होता, दोन वर्षं पत्र नव्हतं. तिने बाळ काढून भाताच्या कणगीत लपवलं. मुलगा सुखरूप आला. म्हातारीने कणगी उपसली, तर बाळ नाही. घरभर शोधलं, नाही.

पास्कोल म्हणाला, "मावशे, अंतोनला सांगायचं ना. हरवलेलं तोच देतो."

"कुटल्या तोंडाने सांगू? त्याचंच बाल हरवलंय."

तिला दुसरं बाळ करून हवं होतं. आबांना ते पटेना. "अहो, वेगळं बाळ त्याच्या लक्षात नाही का येणार?"

म्हातारी म्हणाली, "बापाला काय कलतंय? कडंवर काय तरी असलं म्हंजे झालं."

आबांनी निमूट बाळ करून दिलं. मी त्याची पाठ रंगवली.

*

एक मोठे बागायतदार आले. त्यांना चर्चला सांत जोसेफ द्यायचा होता. सोबत वडिलांचा फोटो.

"आमचे पप्पा संतच होते हो. जोसेफला त्यांचा चेहरा द्या."

आबांनी फोटो उजेडात धरून पाहिला. "मी ओळखत होतो तुमच्या वडलांना. दाढी देतो. चेहऱ्याचं राहू द्या."

बागायतदार तणतणत गेले. पास्कोल म्हणाला, "देयाचा होता चेहरा. कोन बगतंय?"

आबा म्हणाले, "मी बघतोय."

आबांच्या न आवडणाऱ्या गोष्टींची यादी माझ्याकडे लांबलचक आहे, म्हणून ही एक मान्य करायला हरकत नाही. कामाच्या बाबतीत ते खोटं बोलत नसत. गिऱ्हाइकाशी नाही, फादरशी नाही आणि माझ्याशी तर नाहीच नाही.

*

माझे मामा बोईसरला राहतात. मामा लोकांचं एक असतं, त्यांना स्वतःचं काही जमलेलं नसतं, पण तुमचं काय चुकलं ते पाठ असतं. मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आली तेव्हा ते आपल्या चिरंजिवांना घेऊन कारखान्यात आले.

"पास्कोल, तुमच्यात परीक्षेचा कोणी आहे का?"

"हाय ना. कुपर्तिनोचा जोसेफ. अभ्यासात ढ होता. त्याला जेवडं येत होतं तेवडंच नेमकं इचारलं, न पास झाला."

मामांचे डोळे चमकले. वीतभर उंचीची मूर्ती त्यांनी गणपतीशेजारी ठेवायला घेतली आणि माझ्याकडे बोट करून मुलाला म्हणाले, "रोज नमस्कार कर. नाहीतर असा ब्रश घेऊन बसशील."

मी ब्रश धुवत होतो. धुतच राहिलो.

निकाल लागला. चिरंजीव चार विषयांत गेले. मामा मूर्ती पिशवीत घालून परत आले.

"कोणी रंगवली होती ही?"

पास्कोल म्हणाला, "मी. फकस्त पाठ दिन्याने."

"तरीच," मामा म्हणाले.

*

आबा आणि मी थेट बोलत नसू. तीन हातांवर बसून आबा म्हणत, "पास्कोल, त्याला सांग, सरस उकळायला ठेव." मी म्हणे, "काका, सांगा, ठेवलाय." पास्कोल मान इकडून तिकडे फिरवत रंग लावत बसे.

एकदा पास्कोल भाचीच्या लग्नाला आठवडाभर गेला. पहिला दिवस एक शब्द न बोलता गेला. पटाशीचा आवाज, पॉलिशपेपरचा आवाज, मधूनच गुजरातकडे जाणारी मालगाडी. मला वाटलं, असंच आयुष्य जाणार. एकाच छपराखाली दोन माणसं आणि मध्ये लाकूड.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी घसा साफ केला. फळीवर एक अंतोन रंग वाळत उभा होता. त्याच्याकडे बघून आबा म्हणाले, "त्याला सांग, डबा आलाय."

मी अंतोनकडे बघितलं. "त्यांना सांग, भूक नाही."

जरा वेळाने आबा म्हणाले, "त्याला सांग, वालाचं बिरडं आहे."

"त्यांना सांग, अर्धं ठेवा."

आबांनी अर्धं ठेवलं. आठवडा तसाच गेला. शनिवारी अंतोनचं गिऱ्हाईक मूर्ती न्यायला आलं.

"सोमवारी या," आबा म्हणाले.

"का हो? झालेला दिसतोय की."

"आमचं थोडं काम आहे त्याच्याकडे."

*

रविवारी पास्कोल चर्चमध्ये मिस्साला जाई आणि आबा लाकूड बघायला मनोरला. कारखान्यात मी एकटा. त्या रविवारांत मी आबांच्या पटाश्या घेतल्या आणि शिवणीच्या एका टाकाऊ ओंडक्यातून एक संत घडवला.

हातभर उंचीचा म्हातारा. थोडा पुढे वाकलेला. दोन्ही हात समोर, एक पुढे एक मागे, मुठी अर्धवट मिटलेल्या. हातात मी काही दिलं नाही. किल्ली नाही, फूल नाही, पुस्तक नाही. कोणत्याही खात्यात नसलेला एक तरी असावा, असं मला वाटलं. पाच महिने लागले. झाल्यावर मी तो आबांच्या बाकावर ठेवला आणि लांब जाऊन उभा राहिलो.

आबांनी तो उचलला, फिरवला. पाठ बघितली, परत पुढून बघितला. त्या दिवशी पास्कोल समोर असूनही त्यांनी मलाच विचारलं.

"कोण हा?"

"संत."

"कशाचा?"

"कशाचाच नाही."

"मग लोकांनी याच्याकडे मागायचं काय?" आबांनी तो खाली ठेवला. "ज्याला काम नाही त्याला कोणी घरात घेत नाही. आणि हाता-पायाची मूर्ती चुलीत घालता येत नाही. बुडवून ये."

पास्कोल म्हणाला, "आबा, आमच्यात बुडवत नाय."

"तुमच्यात हा आहे कुठे?"

कामाबद्दल एक शब्द नाही. चांगलं नाही, वाईट नाही.

मी संत गोणपाटात गुंडाळला आणि दुपारच्या पॅसेंजरने वैतरणा स्टेशनला उतरलो. खाडीला ओहोटी लागली होती. चिखलात पोटऱ्यांपर्यंत जाऊन मी तो सोडला. लाकूडच ते. उताणा झाला आणि हात वर धरून समुद्राकडे निघाला. पुलाच्या खांबांपलीकडे दिसेनासा होईपर्यंत मी चिखलात उभा होतो. घरी येऊन एवढंच सांगितलं, "सोडला."

गणपती होऊन गेले. एका सकाळी कारखान्याच्या दारात खाडीच्या मुखावरच्या ख्रिस्ती पाड्यातला एक म्हातारा नाखवा आला. बरोबर त्याची बायको आणि त्यांचे तरुण फादर. नाखव्याच्या हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते बाकावर ठेवून उलगडलं.

माझा म्हातारा. एका गुडघ्याला शिंपलं चिकटलेलं, लाकूड खाऱ्या पाण्याने करडं पडलेलं. मुठींतून त्यांनी सुंभाचा दोर ओवला होता. तो असा बसला होता की जणू मी मुठी त्या दोरासाठीच कोरल्या होत्या.

"जाल्यात आला, मेस्तरी," नाखवा म्हणाला. "रंग देयाचा हाय. सनाला बसवायचा."

आबा म्हणाले, "कोण हा?"

"तुमी संत करता न तुमाला कलत नाय? हात बगा त्याचं. दोर वढतंय. एवडे संत बगले, आमच्यावानी काम करनारा ह्योच."

फादर संकोचाने पुढे झाले. "आबा, मी अडून बसलोय. इकडे असं काम करणारा कारखाना तुमचाच. कोणी घडवून टाकून दिलेला असेल, तर कोणाचा टाकलेला माल मी वेदीशेजारी उभा करणार नाही, ज्याचा त्याला परत देईन. कोणाचाच नसेल, तर समुद्राने दिला म्हणू आणि तो पाड्याचा. तुम्ही कामाबद्दल खोटं बोलत नाही, सगळे म्हणतात. तुम्ही सांगाल ते मान्य."

नाखव्याच्या बायकोने संताच्या गुडघ्यावर हात ठेवला. जास्त काही नाही, नुसता ठेवला.

पास्कोल माझ्याकडे बघत होता. माझ्या ओठांवर आलं होतं. माझा आहे. रविवारी केलाय. पाच महिने लागलेत. चार वर्षांत पहिल्यांदा मला मोठ्याने काही सांगायचं होतं, आणि त्या बाईचा हात काही गुडघ्यावरून हलत नव्हता. मी हातातला ब्रश धुवायला घेतला.

आबांनी चष्मा लावला. संत उचलला, फिरवला, पाठ बघितली.

"आमच्याकडचा नाही," आबा म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

फादरना हायसं वाटलं. नाखव्याच्या बायकोने कपाळा-छातीवर क्रुसाची खूण केली. दोघं चादर आवरायला लागली तेव्हा फादरनी सहज विचारलं, "कारागीर म्हणून सांगा हं, आबा. काम कसं आहे?"

आबांनी बराच वेळ त्या मुठींकडे बघितलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

"मला असं जमलं नसतं, फादर."

नाखवा हसला. "दर्याला जमतंय ते मानसाला कसं जमंल, मेस्तरी?"

"तेच म्हणतोय मी," आबा म्हणाले.