मागून येणारी हाक

शहागंजात खरेदी करायची तर उठून चालू लागता आलं पाहिजे. भाव जमला नाही की साडी गादीवर टाकायची, पायात चपला सरकवायच्या आणि सावकाश निघायचं. मागं बघायचं नाही. चार दुकानं ओलांडायच्या आत हाक येतेच. याच जोरावर मी पुंडलिकनगरात घरातून साड्यांचा धंदा उभा केला, कुणाची मदत न घेता.

एकदाच हाक आली नाही. लग्नाआधी. ज्याच्याशी लग्न करायचं मनात होतं, तो देवगाव रंगारीचा. शेती सोडून शहरात यायला तयार नव्हता. "मग राहू दे," म्हणून मी बसस्टँडच्या बाकावरून उठले. मुद्दाम सावकाश चालले. आयुष्यात इतकं सावकाश मी कधी चालले नसेन. एवढं साधं त्याला कळू नये? नवरा भला मिळाला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या दुसऱ्याबद्दल आहे, आणि ती मिटत नाही.

हल्ली संध्याकाळी सासूबाई आणि मी एक मालिका बघतो. त्यातल्या मुलीनं अंगठी परत करून लग्न मोडलंय, तरी काहीतरी निमित्त काढून त्याच्याच गल्लीतून जाते. परवा ती त्याच्या फाटकापाशी रेंगाळली. तो खिडकीत उभा.

"आता हाक मारंल बघ," सासूबाई म्हणाल्या.

"नाय मारत."

"तुला लई ठावं! त्याच्या मायनं सांगितलं व्हय?"

"ज्याला मारायची असती, त्यो खिडकीत उभा ऱ्हात नाय. पळत येतो."

"अगं, पर टीव्हीवर कशापायी खेकसतीस? त्यो काय तुजा साडीवाला हाय?"

मला बसवेना. स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिले. जाहिराती संपल्या आणि बाहेरून आनंदाची आरोळी आली, "ये गं लवकर! मारली हाक!"

"त्याचेच पैसे मिळत्यात त्याला," मी आतूनच ओरडले. बघायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी शहागंजात एका निळ्या साडीवर घासाघीस झाली. मी उठले, सावकाश निघाले. तिसऱ्या दुकानापाशीच हाक आली, "ओ ताई, या माघारी! तुमच्याच भावात न्या!"

साडी सुरेख होती. हातोहात खपली असती. पण मी वळले नाही. आणखी सावकाश चालत राहिले, तो किती वेळ बोलावतो ते ऐकत.