बसा हो, इथे नको

आरोंद्याच्या इनासियाला कुणाच्या डोळ्यांवर यायला आवडत नसे. तालुक्याच्या कचेरीत तिची सगळी नोकरी झाली, आणि तिथे ती इतकं शुद्ध मराठी बोले की नव्या साहेबांना ती घाटावरची वाटायची. याचा तिला कोण अभिमान! दुपारी बायका डबे उघडून गोल करून बसत. जेवणाआधी क्रूस काढायची सवय लहानपणापासूनची, ती काही सुटेना. मग बाईंनी युक्ती काढली. गळ्यातली साखळी सारखी करतोय असं दाखवायचं आणि अंगठ्याने छातीवर एवढासा क्रूस काढून मोकळं व्हायचं. मांडीला मांडी लावून बसलेलीलाही पत्ता लागत नसे. कुणी तिला कधी काही बोललं होतं का? छे! कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. हिचीच आपली आधीपासून घाबरगुंडी.

नवरा कुस्तोदियो म्हणजे दुसरं टोक. होड्या बांधणारा सुतार. जन्मभर ठोकाठोक करून कान जड झालेले, त्यामुळे आवाज कायम चढा. ताट पुढ्यात आलं की हा उभा राहायचा, ऐसपैस क्रूस काढायचा आणि देवाचे आभार मानायचा. शेवटी रांधणारीचं नाव घेऊन तिच्या हातांना आशीर्वाद मागायचा, मगच बसायचा. ताटात नुसती पेज असली तरी यात खंड नाही.

"देव बहिरो नाय रे," इनासिया म्हणायची.

"मी आसंय मा!" तो हसून म्हणायचा.

त्यांची मुलगी डेल्सी कुडाळच्या पुष्करशी लग्न करायचं म्हणत होती. पुष्कर ब्राह्मणाघरचा. त्याचे वडील हरिश्चंद्र निवृत्त मास्तर, सोवळ्याओवळ्याचे नसले तरी देवधर्म पाळणारे. दोन्ही घरांत रुसवेफुगवे झाले, रडारड झाली, आणि अखेर एकदा मास्तरांकडून जेवणाचं आमंत्रण आलं. आज काही वावगं झालं तर पोरीचं जमत आलेलं फिसकटणार, हे एकच इनासियाच्या डोक्यात. गाडीत बसल्यापासून ती नवऱ्याला पढवत होती. मासळीचं नाव काढू नको, हात चाटू नको, राजकारणावर बोलू नको. प्रार्थनेचं मात्र तिला बोलवेना. देवाला आज घरीच ठेव, असं नवऱ्याला कसं सांगायचं?

मास्तरांच्या घरी टेबलावर केळीची पानं मांडली होती. काळ्या वाटाण्यांची उसळ, खतखतं, सोलकढी. पुष्करची आई शुभदाताई वाढत होत्या. पानं वाढून झाल्यावर मास्तरांनी ओंजळीत पाणी घेतलं, पानाभोवती फिरवलं, पानाच्या उजव्या अंगाला भाताची चार शितं काढून ठेवली आणि डोळे मिटले. कुस्तोदियो टक लावून बघत होता. त्याचा चेहरा उजळला. जेवणाआधी देवाला सांगायची रीत या घरातही आहे म्हटल्यावर माणूस खूश! मास्तरांनी डोळे उघडताच तो खुर्ची मागे सारून उभा राहिला.

"बापाच्या, पुत्राच्या आनी पवित्र आत्म्याच्या नांवान..."

अख्खं घर दणाणलं. शुभदाताईंच्या हातातला डाव हवेतच राहिला. इनासियाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तिने टेबलाखालून त्याचा सदरा ओढला, जोरात.

"अहो, बसा. इथे नको."

घरात ती त्याला 'आयक रे' म्हणायची. 'अहो' म्हणण्याची पद्धत त्या दोघांत कधी नव्हती. हे कचेरीतलं मराठी होतं, चुकीच्या खिडकीवर आलेल्या माणसाला सांगावं तसलं. कुस्तोदियोने तिच्याकडे पाहिलं. बोटं कपाळाकडून छातीपर्यंत आली होती, तिथेच थांबली. तो बसला.

आता बाईंनी गप्प बसावं की नाही? पण नाही. झाल्या प्रकारावर पांघरूण घालायचं म्हणून तिने घाईघाईने ओंजळीत पाणी घेतलं आणि मास्तरांसारखं स्वतःच्या पानाभोवती फिरवलं. भाताची शितंही काढून मांडली, नीट ओळीत. पुष्करने मान खाली घातली. डेल्सी आईकडे बघतच राहिली.

शुभदाताई अगदी हळू म्हणाल्या, "अहो इनासियाताई, बायका नाही घालत चित्राहुती. आमच्यातही नाही. तुम्हाला कुणी सांगितलं हे करायला?"

आणि मास्तर? मास्तरांनी अजून घाससुद्धा घेतला नव्हता. हात पानापासून दूर, मांडीवर ठेवलेला. ते कुस्तोदियोला म्हणाले, "तुमचं पुरं होऊ द्या ना. आम्ही थांबलोय."

"झालां, झालां आमचां," कुस्तोदियो म्हणाला आणि भात कालवू लागला.

इनासियाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्यांना भिऊन तिने नवऱ्याला खाली बसवलं, ती माणसं त्याच्या देवासाठी हात आवरून बसली होती. आणि आपण? आपला देव लपवला, दुसऱ्यांचा उष्टावला. पुढचं जेवण गोडीगुलाबीत झालं, मास्तरांनी लग्नाच्या तारखेची गोष्टही काढली, पण तिची नजर ओळीत मांडलेल्या त्या शितांवरून हलेना.

परतताना गाडीत डेल्सी एवढंच म्हणाली, "मम्मी, पप्पांक तेंणी नाय थांबवल्यान. तू थांबवलंस."

संध्याकाळी इनासियाने बांगडे तळले. नवऱ्याला आवडतात म्हणून, आणि दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून. तिने ताट ठेवलं. कुस्तोदियो उभा राहिला नाही. हात टेबलाच्या कडेवर ठेवून नुसता बसून राहिला. बांगडे निवायला लागले.

"काय रे? जेव मा," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं. "हंय म्हटलंय तर चलात?"

टोमणा असता तर तिने सोसला असता, उलट बोलली असती, रडली असती. पण इथे प्रार्थना म्हटली तर चालेल का, हे तो खरंच विचारत होता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी.

"म्हण रे," ती कशीबशी म्हणाली.

त्याने म्हटलं. इतक्या हलक्या आवाजात की समोर बसलेल्या इनासियाला आमेन कुठे म्हणायचं तेही कळलं नाही.