कापणीच्या सणाची मारामारी

मी मस्कतला निघालो तेव्हा बाबांच्या तोंडातून रक्त येत होतं, आणि त्याला कारण माझं तोंड. रिक्षा दारात, आई बाबांच्या गालाला बर्फ लावून बसलेली. "जा मेल्या," ती म्हणाली, "तिकडे तरी गप्प बस."

तुम्ही रत्नागिरीतच राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, आपलं जांभ्याचं चर्च सगळ्यांना ठाऊक आहे. गोऱ्या साहेबांनी ते स्वतःसाठी बांधलं. पणजोबा एकदा पुढच्या बाकावर बसले, तर पाठीवर छडी पडली. पुढच्या रविवारी ते पुन्हा तिथेच. साहेब गेले, बाक आपले झाले, मग छडीचं काम आपणच वाटून घेतलं.

त्या दिवशी कापणीचा सण होता. उपासनेनंतर भाताची पहिली पेंढी, नारळ, सुरण यांचा अंगणात लिलाव. पुकारायला मी. मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात करतात तसं डिवचून भाव चढवावा, ही माझी अक्कल. पेंढीसाठी बाबा आणि त्यांचे चुलतभाऊ याकोबकाका अडून बसले. मी ओरडलो, "काका, बाबांनी बांध सरकवला तेव्हा गप्प बसलात, आता पेंढीपण सोडताय?"

कुणी हसलं नाही. काकांनी सुरण बाबांच्या जबड्यावर हाणला. बाबांनी बाकाची फळी उचलली. मधे पडलेल्या पाळकसाहेबांचा कान फाटला, एक नारळ साहेबी रंगीत काचेतून आरपार गेला. मी टेबलाखाली, तिथेही याकोबकाकांच्या शांताकाकूने मला छत्रीच्या दांड्याने शोधून मारलं.

चर्चची मंडळी दुभंगली. काका अर्धी माणसं घेऊन कुणाच्या ओसरीवर उपासना करू लागले. बाबा चर्चमध्येच, पण प्रभुभोजनाची भाकर फिरली की उठून बाहेर जायचे. "भावाशी वैर ठेवून ती घशाखाली जायची नाय." माफीसाठी मी काकांना फोन केला, त्यांनी आवाज ऐकताच फोन ठेवला. बाबा थकत चालले होते. ते असेच त्या भाकरीवाचून उपाशी जातील, या धास्तीने एसीतही घाम फुटायचा.

इथे मस्कतला एकाच हॉलमध्ये पाळीपाळीने मल्याळी, तमिळ, फिलिपिनो मंडळ्या येतात. कुणी कुणावर हात उचलत नाही. तेवढी ओळखच नसते.

गेल्या महिन्यात शांताकाकू गेली. आपल्याकडे कबर मंडळीच खणते, आणि वीतभर मातीखाली कातळ. काकांकडचे म्हातारे दमले, तेव्हा बाबा न बोलावता टिकाव घेऊन खड्ड्यात काकांशेजारी उतरले. आई फोनवर सांगत होती, दोघे असे घाव घालत होते की वरच्यांना वाटलं, पुढचा एकमेकांवर पडणार. तळवे रक्ताळले तरी थांबले नाहीत. रविवारी काका चर्चमध्ये आले आणि बाबांशेजारी गुडघ्यांवर बसले. बाबांनी भाकर खाल्ली.

"आणि काकांचा मला काही निरोप?" मी आईला विचारलं.

"म्हणाले, त्याला सांग, तिकडे मरू नको. इथे खणायला माणसं हायत."