वच्छलाबाई आणि दोन थेंब तेल

सुमंतराव खांडव्यांनी कॅमेऱ्याला तेल घातलं ते चांगल्या मनानं. भिलाईच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी यंत्रांचं तेलपाणी सांभाळलं होतं; जे फिरतं ते तेल मागतं, एवढा एकच धर्म त्यांना ठाऊक. लेकीनं घरी ठेवलेल्या कॅमेऱ्याची लेन्स बुधवारी सकाळी फिरवताना जरा जड वाटली. शिलाई मशीनची कुपी हाताशी होतीच. दोनच थेंब. तेव्हापासून लेन्स नुसती झुंई-झुंई करत मागंपुढं व्हायला लागली आणि समोर बसलेली बायको, चारुलता, काही केल्या स्पष्ट दिसेना.

एरवी हसण्यावारी नेलं असतं. पण शुक्रवारी चारुलताबाई शाळेतून निवृत्त होणार होत्या. त्यांचं प्रत्येक स्नेहसंमेलन, प्रत्येक सत्कार सुमंतरावांनी सेकंड शिफ्टपायी चुकवला होता. "या वेळी फोटो मी काढणार," असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं होतं. 

म्हणून ते भिलाईतल्याच सुपेल्यात, कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या वच्छलाबाईंकडे आले.

वच्छलाबाई गोंदियाच्या, रेल्वेतल्या फिटरची मुलगी. लग्न होऊन आल्या तेव्हा नवरा शेषराव स्टुडिओत फोटो काढी आणि त्या आतल्या काळोख्या खोलीत ते धूत. शेषरावांना माणसं हसवता येत. कॅमेरा बिघडला की मात्र ते देवाचं नाव घेत आणि वच्छलाबाई पेचकस. पुढं शेषराव गेले, रीळ गेलं, काळोख्या खोलीत ट्यूबलाइट आली, आणि पार जामुलपासूनचे लग्नातले फोटोग्राफर 'मावशी, मावशी' करत दारात उभे राहू लागले. मावशी आधी कॅमेऱ्याला हातच लावत नाहीत. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतात आणि त्याच्याकडे बघत राहतात. निम्मे बिघाड स्टुलावरच सापडतात, असा त्यांचा अनुभव.

"काढा माहा फोटो," त्या स्टुलावरच्या सुमंतरावांना म्हणाल्या.

झुंई-झुंई.

"बटन तं ऑटोवरच हाय. पण मले सोडून मागच्या भिंतीवर कावून धरून राहिले? कोऱ्या भिंतीत तो काय पकडन? लुगड्याच्या काठावर धरा."

काठावर धरला. झुंई-झुंई.

बाईंनी लेन्स उतरवली, मागची पितळी टोकं कोरड्या फडक्यानं पुसली, परत बसवली. झुंई-झुंई. मग त्यांनी लेन्स पुन्हा काढून नाकाशी नेली.

"भाऊ, काय टाकलं याच्यात?"

"धूळ गेली असेल. आपल्याकडे प्लांटची धूळ म्हणजे..."

"प्लांटच्या धुळीले शिलाई मशीनचा वास येते?"

सुमंतरावांनी कबुली दिली.

"याची मोटर घासून चालते, भाऊ. घासलं तवाच फिरते. तुमी तिले निसरडी करून ठेवली."

घर्षणाशी चौतीस वर्षं लढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागला.

"शुक्रवारपर्यंत होईल?"

"खोलून धुवायले आठ दिवस. कावून, शुक्रवारी काय हाय?"

त्यांनी सांगितलं. सेकंड शिफ्टसकट सगळं सांगितलं.  बाईंनी काचेवरचं तेल पुसलं, लेन्सवरचं बटण ऑटोवरून हाताच्या फोकसवर सरकवलं आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

"हातानं फिरवा. जन्मभर प्लांटात व्हॉल फिरवले ना? डोयातला चमकता ठिपका पाहा. तो टोकदार झाला का थांबा."

तासभर सुमंतराव वच्छलाबाईंच्या डोळ्यातला ठिपका शोधत होते. एवढा वेळ बाईंकडे शेषरावांनंतर कोणी निरखून पाहिलं नसावं. मध्येच त्यांनी पदर नीट केला. चहा निवून गेला. विसाव्या फोटोला ठिपका सापडला.

सोमवारी सुमंतराव कॅमेरा खोलायला द्यायला आले ते आधी फोटोच दाखवत बसले. एकसष्ट फोटो. प्राचार्य एकूण एक फोटोत धुरकट. हार धुरकट, नारळ धुरकट, पाहुण्यांचं नुसतं जॅकेट ओळखू येत होतं. चारुलताबाईंचे डोळे मात्र लखलखीत. एका फोटोत त्या भाषण ऐकायचं सोडून थेट लेन्सकडे पाहत हसत होत्या. तो फोटो वच्छलाबाईंनी मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

सुमंतरावांची छाती फुगली. "वच्छलाताई, आता ऑटोफोकस दुरुस्त झाला की याहून चांगले येतील ना?"

"येतील, पण कॅमेरा न्यायले याल तवा ती तेलाची कुपी इथं आणून ठेवा."